राजाची मोटार भात कांडते!

मला सांगा, एखाद्या राजाची मोटार उद्या तुमच्या दारात येऊन उभी राहिली, तर तुम्ही तिला हार घालाल की जाब विचाराल?

आमच्या घराने तिला भात कांडायला लावलं.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. राजे तनख्यावर आले होते आणि त्यांच्या मोटारी बाजारात. मी तेव्हा बदलापुरात आप्पाकाकांकडे राहून शिकत होतो. माझे वडील कल्याणला छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात पुस्तकं नव्हती, पण वाया गेलेली पत्रकं रग्गड! मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. इतर मुलांचा ‘क’ कमळाचा होता, माझा क्रांतीचा. ‘श’ शोषणाचा. (‘ज्ञ’ पाशी जरा अडचण आली, पण तोवर मी पुरेसा पेटलो होतो.)

आप्पाकाकांची भाताची गिरणी होती. तिच्या जुन्या इंजिनाने श्रावणात धुराचा एक प्रचंड लोट सोडला आणि देह ठेवला. दिवाळीनंतर नव्या भाताच्या गाड्या येणार. तोवर इंजिन आलं नाही, तर सगळं भात वांगणीला निघालेल्या नव्या गिरणीत जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं. काकूने बजावून सांगितलं, “इंजिन घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका.”

आप्पाकाका कॅम्पात गेले. कॅम्प म्हणजे युद्धातली लष्कराची छावणी. आता तिथे सिंधी निर्वासित राहत होते आणि तिचं नवं नाव उल्हासनगर होतं, पण आमच्या तोंडी अजून कॅम्पच. लष्कराने टाकलेल्या तंबूपासून पंपापर्यंत काहीही तिथे विकायला असायचं. लोकुमल नावाचे एक व्यापारी काकांच्या ओळखीचे होते. इंजिन त्यांच्याकडूनच यायचं होतं.

संध्याकाळी दारात भोंगा वाजला. आम्ही बाहेर धावलो. मांडवाएवढी लांब, निळीशार मोटार! पुढचे दिवे लग्नातल्या पातेल्यांएवढे. दारांवर सोन्याच्या रंगात दोन सिंह, एकमेकांना जीभ दाखवत असलेले. मागच्या खिडक्यांना जरीचे पडदे, कारण राणीसाहेब गोषात. (कंपनी कोणती ते विचारू नका. विलायती भांडवलदारांची फुकट जाहिरात करणं माझ्या तत्त्वात बसत नाही.)

पुढे लोकुमल चालवत होते. मागे पडद्याआड आप्पाकाका, राणीसारखे.

“इंजिन कुठंय?” काकूने विचारलं.

“आहे की!” काका उतरत म्हणाले. “पुढे, झाकणाखाली.”

“अहो, गिरणीचं!”

“माईसाब,” लोकुमल हात जोडून म्हणाले, “इंजन तो इंजन होता है. यहाँ इंजन के साथ चार दरवाजे मुफ्त मिल रहे हैं!”

काकांचा हिशेब सरळ होता. राजाच्या कारभाऱ्याने मोटार घाईत विकायला काढली होती. मुंबईचे शौकीन अशा गाडीवर उड्या टाकतात. महिन्याभरात दुप्पट भावाने विकायची आणि एकाऐवजी दोन इंजिनं आणायची! इंजिनासाठी साठवलेला सगळा पैसा त्यांनी त्या दोन सिंहांच्या तोंडात घातला होता.

“शौकीन आहेत कुठे?” काकूने विचारलं.

“येतील.”

आले की! पहिले आले ते जंगलातले लाकूडवाले ठेकेदार. त्यांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, “टप कापून काढला तर ओंडके किती बसतील?” मग तबेलेवाले आले. “मागची सीट काढून दुधाच्या बरण्या उभ्या राहतील का?” एका वरबापाला ती वरातीसाठी भाड्याने हवी होती, पण घोडा जुंपून, पेट्रोल परवडत नाही म्हणून! प्रत्येकाने आत बसून भोंगा वाजवला, चहा घेतला आणि “कळवतो” म्हणून निघून गेला. महिन्याभरात गाडी जागची हलली नाही. चहापत्तीचा डबा मात्र तीनदा भरला.

दिवाळी झाली. पहाटे गिरणीसमोर भाताने भरलेल्या बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या.

“आप्पा, गिरन चालू हाय ना?” धर्मा म्हात्र्याने विचारलं. “नाय तर सांग, वांगनीला वलवतो बैल.”

आप्पाकाकांनी बंद गिरणीकडे पाहिलं. मग मोटारीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला अशी चमक दिसली की माझ्या अंगावर काटा आला.

तासाभरात मोटार ढकलत गिरणीच्या भिंतीला लावली. मागचं एक चाक दगडांवर उचललं, टायर उतरवलं, गिरणीचा लांब पट्टा उघड्या चाकावर चढवला. काका ड्रायव्हरच्या जागी राजासारखे बसले. गाडी सुरू झाली, चाक गरगरलं, पट्टा फटफटला, आणि आतून तांदळाची धार सुरू झाली!

“चालली!” काका ओरडले.

“चालली रं चालली!” धर्मा ओरडला. मग ओंजळीत तांदूळ घेऊन म्हणाला, “आप्पा, हा तांदूल राजाच्या गारीनं कांडला. आता हा बाजारात राजाच्या भावानं इकू का?”

आणि मी? माझ्या डोळ्यांत पाणी आलं! (काकू म्हणाली, कोंडा गेला असेल.) ज्या मोटारीने पिढ्यान्‌पिढ्या धूळ उडवली, ती आज रयतेचं भात कांडत होती. जन्मभर पत्रकांत वाचलेली क्रांती माझ्या डोळ्यांदेखत आमच्याच परसात चालली होती, आणि तीही पट्ट्यावर! मी त्याच रात्री कागद घेतला आणि लिहिलं: ‘राजाची मोटार भात कांडते!’ त्यात मोटारीचं समग्र पाप मांडलं: लांबी, रंग, सिंह, पडदे, शिकार, वेठबिगार. लोकुमलांनी गाडी विकताना काकांना सांगितलेली एकही गोष्ट मी सोडली नाही. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘धिक्कार असो!’ जोडलं. वडिलांनी ते छापून दिलं. अंबरनाथच्या आमच्या अभ्यास मंडळाच्या (मी त्याचा सहचिटणीस!) पोरांनी ते कारखान्यांच्या फाटकांवर वाटलं. उरलेलं मुंबईपर्यंत पोचलं.

इकडे एक अडचण उभी राहिली होती. मोटार पेट्रोल पीत नव्हती, ढोसत होती! जितकं भात कांडावं तितके काका बुडत होते. गिरणी चालू ठेवली तर पेट्रोल खातं, बंद ठेवली तर वांगणी खातं.

“दिन्या,” काका एकदा सुस्कारा टाकत म्हणाले, “तुझी क्रांती अजून पंधरा दिवस चालली, तर मी तुझ्या पत्रकातला भूमिहीन होईन.”

“त्याग करावा लागतो, काका!”

“मग तू रॉकेल पिऊन ढकल चाक.”

त्याच आठवड्यात एक पारशी गृहस्थ टांग्यातून उतरले. पांढरा सूट, हातात माझं पत्रक! मी धावत पुढे गेलो. मुंबईचा एक विचारवंत माझे विचार वाचून बदलापूरपर्यंत आला होता!

“ए डिकरा, हे तू लिवलं?” त्यांनी विचारलं.

“हो!” मी छाती काढून म्हणालो.

“फस्क्लास लिवलंय. असला कॅटलॉग तर विलायतेत पण नाय छापत. गाडी कुठे हाय?”

त्यांचं नाव रुस्तमशेठ. जुन्या आणि शाही गाड्या घेणं, हा त्यांचा शौक. गिरणीमागे आपल्या स्वप्नातली गाडी एका टांगेवर उभी राहून भात कांडताना पाहिली आणि ते मटकन खाली बसले. काकूने त्यांना पाणी दिलं.

मला वाटलं, हीच वेळ आहे. हा माणूस मोटार घेऊन गेला, तर रयतेची क्रांती पुन्हा कुणा श्रीमंताच्या गॅरेजात जाऊन पडणार. त्याला ती नकोशी करून टाकली पाहिजे!

“शेटजी, ही मोटार पापाची आहे!” मी गरजलो. “हिच्यात बसून राजा वाघ मारायचा!”

“वाघ? खरोखर?” रुस्तमशेठ ताडकन उठले. “आप्पासाहेब, तुमची किंमत सांगा.”

“गाडी चिखलात रुतली की वेठीला धरलेली माणसं तिला ओढायची!”

“म्हणजे इंजिन कमी वापरलंय. भाव वाढला!”

“राणीला या पडद्यांआड कोंडायचे!”

“पडदे अस्सल हाय? बदललेले नाय?”

“अस्सल!” मी ओरडलो. “जुलमाचा प्रत्येक धागा अस्सल आहे!”

काकूने मागून माझ्या पाठीला चिमटा काढला. “दिनू, थांबू नकोस रे! बोल अजून, बोल!”

अशा रीतीने माझ्या प्रखर विरोधामुळे सौदा दुप्पट नव्हे, त्याहून वर पटला. रुस्तमशेठ परवा मेकॅनिक घेऊन गाडी न्यायला येणार होते, आणि आप्पाकाका नव्या इंजिनाची बोलणी करायला धावत कॅम्पात गेले.

पण मी हरलो नव्हतो! मी अंबरनाथला निरोप धाडला: परवा दुपारी मोटार तुमच्या नाक्यावरून जाईल. काळे झेंडे घेऊन उभे राहा. तिकडून तुम्ही अडवा, इकडून मी. मंडळाचा चिटणीस शांताराम याचा उलट निरोप आला: ‘तयार आहोत. तू हटू नकोस.’

ठरल्या दिवशी सकाळीच मी मोटारीच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि जाहीर केलं, “ही मोटार रयतेची आहे. मी इथून हलणार नाही!”

“बस,” काका म्हणाले.

मेकॅनिकने टायर चढवलं. मी हललो नाही. भोंग्यातून, दिव्यांतून, कुठून कुठून कोंडा झटकला गेला. मी शिंकलो, पण हललो नाही. दुपारी काकूने पडदा बाजूला सारून ताट आत दिलं. नव्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं, वर तुपाची धार.

“मी सत्याग्रहात आहे, काकू!”

“उपोषणात नाहीस ना? मग जेव.”

मुद्दा बिनतोड होता. मी जेवलो. बिरडं पुन्हा मागितलं. मग टेकलो. वाचकहो, खरं सांगतो, राजेशाहीबद्दल इतकं वाचूनही तिची सीट कशी असते ते मला कुणी सांगितलं नव्हतं! मी जन्मभर सतरंजीवर बसलेला माणूस. पाठ टेकली तशी ती सीट मला हळूहळू गिळू लागली. निषेधाची एक घोषणा मी अर्ध्यावर उच्चारल्याचं आठवतं.

पुढचं काकूकडून कळलं. रुस्तमशेठनी आत डोकावून विचारलं, “आप्पासाहेब, हा पोरगा पण गाडीबरोबर हाय?”

“उठवू नका हो!” काकू म्हणाली. “उठला की भाषण करेल.”

“न्या तसाच,” काका म्हणाले. “कुठेही उतरवा.”

मला जाग आली ती गर्जनांनी. “राजेशाहीचे अवशेष, मुर्दाबाद! ऐषारामी मोटार, परत फिरव!” मला वाटलं, काय सुंदर स्वप्न आहे! इतक्यात शांतारामने “बाहेर काढा त्या शोषकाला!” म्हणत पडदा खसकन ओढला.

आत मी. तोंड उघडं, डोक्याखाली जरीची उशी.

काळे झेंडे एकामागून एक खाली आले.

“दिनू?” शांताराम म्हणाला.

“ए, बोंब नको मारू!” रुस्तमशेठ पुढून दटावून म्हणाले. “साहेब झोपलाय.”

मी उठून बसलो आणि जमेल तितक्या त्वेषाने म्हणालो, “मित्रांनो, लढा चालू आहे!” मग मंडळातल्या सगळ्यात कडव्या पोराने वाकून सीटवर हात दाबून पाहिला. “च्यायला,” तो हळूच म्हणाला, “मला बसू दे ना जरा.”

त्यानंतर शिस्त राहिली नाही! रुस्तमशेठ दिलदार माणूस. त्यांनी सगळ्यांना आत कोंबलं, उरलेले बाहेरच्या फळीवर लटकले, आणि झेंडे ठेवायला जागा नसल्यामुळे ते खिडक्यांतून बाहेर फडकत राहिले. अशी आमची स्वारी कॅम्पात शिरली. रस्त्यावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. लोकुमल दुकानातून धावत आले.

“अरे साईं, कौन गुजर गया? राजासाहब?”

“नाही,” शांताराम खिडकीतून म्हणाला. “आमचे सहचिटणीस.”

आप्पाकाकांच्या गिरणीत नवं इंजिन धडधडू लागलं आणि वांगणीला बदलापूरचा एक दाणाही गेला नाही. एवढं यश पदरात असूनही मंडळाच्या बैठकीत ठराव झाला, की सहचिटणीस सरंजामशाहीच्या कुशीत गाढ झोपलेले आढळले, सबब त्यांना पदावरून दूर करण्यात येत आहे. शांताराम तो किस्सा अजून अंबरनाथभर साभिनय सांगत फिरतो.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे. अंबरनाथला गेलात तर त्या शांतारामला गाठा आणि ठणकावून सांगा, की दिनू झोपला नव्हता, तो राजेशाहीला आतून पोखरत होता. तो निर्लज्जपणे विचारेल, “मग घोरत कसा होता?” तेव्हा मुळीच कचरू नका. सांगा, ते इंजिन होतं!