माकडासमोर डबा

आमच्या पनवेलच्या उपचार केंद्रातून जखमी प्राणी बरे होऊन जातात, किस्से मात्र इथेच साठत राहतात. त्यातले निम्मे म्हात्रेकाकांचे. काका उरणकडचे, आधी मासेमारी करायचे, आता आमचे पिंजरे सांभाळतात. गेल्या वर्षी काकू वारल्या, मुलगा दुबईला. घरी एकटेच.

*

एका सोसायटीत कुणीतरी पाळलेलं माकड आमच्याकडे आलं. आपलं नेहमीचंच, डोक्यावर केसांची टोपी असलेलं. एकटं असल्यामुळे ते अन्नाला शिवेना. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कुणीतरी समोर बसून जेवा. काका डबा घेऊन बसले. त्यांनी भाकरी मोडली की ते केळं सोलायचं. काकू गेल्यापासून काकांचाही डबा तसाच परत जायचा, तो आता रिकामा जायला लागला.

*

मग पावसाळी वाऱ्यात भरकटलेला बूबी आला. पांढरा, काळ्या तोंडाचा, चांगला बदकाएवढा समुद्रपक्षी. काकांनी लगेच त्याच्यासमोरही डबा उघडला! दिवसभरात त्याने माशाला चोच लावली नाही. मॅडम वैतागल्या. हा महिनोन्‌महिने समुद्रावर राहणारा, माणूस बघूनच घाबरतो, पिंजऱ्यावर चादर टाका आणि लांब व्हा म्हणाल्या. चादर टाकली, अर्ध्या तासात मांदेली गायब.

काका दुखावले. "तीस वर्सं दर्यावर काढली, असा माणूसघाणा नाय बघितला."

*

बूबी बरा झाल्यावर काकांनीच त्याला होडीतून नेऊन सोडला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही म्हणे. मी समजूत घातली, माकड बघा, तुमच्याशिवाय खात नाही. काका खूश.

*

पण त्यालाही माकडांत परत धाडायचं होतं. मोठ्या पिंजऱ्यातल्या पाच माकडांत सोडलं. पहिल्या दिवशी जाळीशी येऊन त्याने काकांसमोर खाल्लं. चौथ्या दिवशी एका माकडिणीच्या उवा काढत बसलं, काकांकडे पाठ करून. काका हसले आणि डबा न उघडताच उठले.

पुढे आठवडाभर डबा तसाच परत. काका अंगाने उतरायला लागले. मला धास्ती वाटली. मीसुद्धा तळोज्याच्या फ्लॅटवर मोबाईल समोर ठेवून जेवते, त्यामुळे कळतं.

*

सोमवारी मी बादली पालथी घातली, काकांसमोर बसले आणि गुमान माझा डबा खायला लागले.

काका बघत राहिले. "मना माकड समजलीस काय?"

"मग चादर टाकू?"

 काकांनी डब्याचं झाकण काढलं आणि सुकटीची चटणी माझ्याकडे सरकवली.