सिद्रामअण्णांचं कट्ट-कडकट्ट

सिद्रामअण्णांना नमस्कार केला तर ते तोंडानं उत्तर देत नसत. गादीवर बसल्या बसल्या गल्ल्याच्या लाकडी झाकणावर बोटानं 'कट्ट-कडकट्ट' वाजवत, आणि आपण नुसते बघत राहिलो की म्हणत, "कळंना व्हय? मोर्स हाय मास्तर. तुमाला राम राम घातला की." नवी पेठेतल्या त्यांच्या चादरींच्या दुकानात हा राम राम मी रोज झेलला. त्यांच्याच घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो आणि शाळेत विज्ञान शिकवत होतो, त्यामुळे सुटका नव्हती.

सत्तरच्या दशकात सोलापुरातली माणसं सिनेमाच्या, कुस्तीच्या, फार तर कबुतरांच्या नादी लागत. अण्णा लागले बिनतारीच्या. सरकारी परवाना काढायचा, घरात यंत्र मांडायचं आणि जगभरच्या हौशी लोकांशी टिंब-रेघांच्या भाषेत बोलायचं, अशी ती हौस. परवान्याबरोबर एक सांकेतिक नाव मिळे. ते दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावाच्याही वर रंगवायचं, एवढं एकच अण्णांना आयुष्यात हवं होतं. जागाही सोडून ठेवली होती. "माईकवर बोलायला काय, पोपट बी बोलतोय," ते म्हणत. "हात पायजे, हात!"

हात होता, हे नाकारत नाही. इंग्रजी अक्षर मोठ्यानं उच्चारायचं, मग ते मोर्स वाजवायच्या पितळी किल्लीवर ठोकायचं, असा त्यांचा रियाज रोज जेवणाची हाक येईपर्यंत चाले. पण मोर्स ही कानाची भाषा. अण्णा ती शिकले डोळ्यांनी, भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावरून. पाठवत झकास, समोरून आलेलं मात्र ओ की ठो कळत नसे. एका अक्षराची टिंबं मोजून होईपर्यंत पुढची अक्षरं निघून गेलेली असत. त्यात आश्चर्य काय? माणसांचंही ते कधी ऐकत नसत. गिऱ्हाईक "सिंगल चादर" म्हणेपर्यंत हे डबलची घडी मोडून मोकळे.

परवान्याची परीक्षा मुंबईला होई. पाठवण्यात अण्णा पास, ऐकण्यात नापास, दरवेळी. परत आले की म्हणायचे, "त्या परीक्षकाचाच हात वाईट की. वडा खातंय अन् तेलकट बोटानं वाजवतंय."

दिमाख मात्र काडीमात्र कमी झाला नाही. जुन्या बाजारातून आणलेला लष्करी रेडिओ लावून ते पाहुण्यांना समोर बसवत, डोळे मिटून आतली टिकटिक ऐकत आणि अर्थ सांगत, "सिलोनवरनं बोलाय लागलाय. तितं पाऊस हाय म्हणतोय." रशियावाला आला तरी पाऊस, जपानवाला आला तरी पाऊस. मग आमच्या सोलापुरातच दुष्काळ कसा, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर येई.

एका रविवारी व्याही मंडळींसमोर हाच खेळ चालू होता. "पाऊस हाय," अण्णांनी जाहीर केलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी गौराक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पाऊस कुटला? सोताचं नाव सांगतोय की. रवी म्हणतोय. मद्रासला हाय."

व्याह्यांनी माना स्वयंपाकघराकडे वळवल्या. इतकी वर्षं अण्णा अक्षर ओरडून वाजवत होते, आणि भिंतीपलीकडे कडक भाकरी थापता थापता अक्का ते कानानं शिकल्या होत्या. अक्का मॅट्रिक झालेल्या, आणि जिभेच्या तिखट. "रोज त्येच त्येच ऐकून म्हैस बी पास झाली असती," त्यांनी वर ऐकवलं.

शहाणा माणूस त्याच संध्याकाळी बायकोसमोर पाट मांडून बसला असता. अक्का स्वतःहून म्हणाल्या, "मी वाजवते, तुमी ऐका. परीक्षा निघंल." अण्णा उसळले, "बायकोकडनं शिकू? पेठेत तोंड कुटं दाखवू?" जगाशी बोलायला निघालेला हा गृहस्थ घरातल्या एका माणसाचं ऐकेना. पुन्हा मुंबई, पुन्हा नापास. पाटीवरची जागा कोरीच राहिली. कीव यायला हवी होती. मला रागच आला.

मग एका उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. भेटायला येणारे हळहळत, डावा हात किती थरथरतोय बघा. अक्का म्हणाल्या, "थरथरत न्हाई. चहात साखर कमी हाय म्हणतेत." खाटेच्या लाकडावर अण्णांचं कट्ट-कडकट्ट चालू होतं. मरायला टेकले तरी तक्रारच!

शेवटच्या आठवड्यात मी खाली गेलो, तेव्हा अक्का त्यांच्या तळहातावर बोट कधी टेकवत, कधी दाबत काहीतरी सांगत होत्या.

"अक्का, कान शाबूत आहेत त्यांचे. तोंडानंच सांगा ना."

"तोंडानं सांगितलेलं कदी ऐकलंय ह्यांनी?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

मधे बोलायची सोय नसल्यामुळे अण्णा पहिल्यांदाच नीट ऐकत होते. कपाळाला आठी पडली होती. बाहेर पत्रे तापले होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आणि एकदम त्यांचं अर्धं तोंड हसलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलं.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"पाऊस हाय म्हटलं," अक्का पदरानं त्यांचे डोळे पुसत म्हणाल्या. "कळलं बगा त्यांना. पास झाले."

त्याच आठवड्यात अण्णा गेले. घरातच बसलेला परीक्षक ओळखायला ह्या शहाण्याची वाचा जावी लागली, ह्याचा मला अजून राग येतो.