आमच्या गल्लीतले रविवारचे संस्कार

मी हिंगणघाटच्या एका कॉलेजात ऑफिसमध्ये काम करते. सोमवारी डबा उघडला की माझ्या टेबलाभोवती खुर्च्या जमतात. भाजीसाठी नाही, आदल्या दिवशी आमच्या गल्लीत काय झालं ते ऐकायला. मी एक किस्सा सांगायला घेते, तोवर मला दुसरा आठवतो, दुसऱ्याच्या मध्ये तिसरा घुसतो आणि साहेब काचेतून बघायला लागतात. म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळे सांगून टाकावेत.

सुरुवात माझ्या सासऱ्यांनी केली. सारी गल्ली त्यांना आबाजी म्हणते. आंजी गावाकडच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नाही. एका रविवारी आमची मिनू आणि शेजारच्या किराणा दुकानवाल्या किशोरभाऊंचा वेदू एकाच मोबाइलवर डोकी टेकवून बसलेले त्यांनी पाहिले. हाका मारल्या, कोणी मान वर केली नाही. त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं : "दर रविवारी संस्कार. घरातच. आईबापांसकट."

आबाजींची एक गंमत आहे. संस्कार ते पुस्तकी मराठीत करतात आणि रागावतात वऱ्हाडीत. त्यामुळे ते "बाळांनो" म्हणाले की मुलं निवांत असतात, "अबे" म्हणाले की सावरून बसतात.

* * *

पहिल्या रविवारी स्वावलंबन होतं. आबाजींनी ट्रंकेतून सूत कातायच्या जुन्या टकळ्या काढल्या. "बाळांनो, आपल्या वर्धा जिल्ह्याला सुताची परंपरा आहे. यातून संयम शिकता येतो."

मुलांनी टकळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि फरशीवर भोवऱ्यासारखी फिरवली. झकास फिरली. पाच मिनिटांत स्पर्धा सुरू झाली, कोणाची जास्त वेळ फिरते. कातायचे कापसाचे पेळू कोपऱ्यात पडून राहिले.

आबाजी कडाडले, "अबे, हे काय करून राह्यले? हे खेळणं होय का?"

सगळ्यांनी टकळ्या पाठीमागे लपवल्या. वेदू तेवढा म्हणाला, "आबा, तुमची किती वेळ फिरते?"

मी चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले तेव्हा आबाजी फरशीवर मांडी घालून बसले होते, चष्मा कपाळावर, आणि मुलांना सांगत होते, "बोटानं नाई, चिमटीनं. मनगट ढिलं ठेवा."

सूत त्या दिवशी निघालं नाही. चहा थंड झाला. संयम मात्र माझा वाढला.

* * *

मग आली कृतज्ञता. जेवणाआधी डोळे मिटायचे आणि ज्यांच्यामुळे हे ताटात आलं त्या सगळ्यांचे आभार मानायचे. वेदूला हे फार आवडलं. त्यानं शेतकऱ्यापासून सुरुवात करून पोतं उचलणाऱ्या हमालापर्यंत कोणालाही सोडलं नाही. घरी भात गार व्हायला लागला, पण तक्रार कोण करणार? संस्कार होते ना.

त्याच महिन्यात सण आला. वेदूची आजी नाचणगावला थोरल्या मुलाकडे राहते, ती सणाला आली. सोनालीताईंनी, म्हणजे वेदूच्या आईनं, पुरणपोळ्यांचा बेत केला. नैवेद्य दाखवला, पानं वाढली. आजीनं पोळी मोडली, तुपात बुडवली आणि म्हणाली, "सोनाली, यंदा हात चांगला बसला तुहा."

सोनालीताई नम्रपणे हसल्या.

वेदूनं डोळे मिटले, हात जोडले. "शेतकऱ्याले थँक्यू. हरभऱ्याले थँक्यू. गुळाले थँक्यू. पलीकडच्या गल्लीतल्या मानकरकाकूले थँक्यू, त्यायनं सकाळी डबा भरून पोया पाठवल्या."

सोनालीताई ताटाकडे बघत राहिल्या. आजीनं घास शांतपणे संपवला आणि म्हणाली, "मले वाटलंच. तुह्या पोयीत पुरण काठापर्यंत कधी पोचलं नाई."

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "अजून एक वाढ. अन् जाताना त्या मानकरबाईचा नंबर देजो मले."

हे मला सोनालीताईंनीच सांगितलं. वर म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या सणाले आबाजीले म्हणा, कृतज्ञता मनातल्या मनात ठेवा."

* * *

मनातल्या मनात ठेवण्याचा प्रयोग आम्ही क्षमेच्या वेळी करायला हवा होता.

किशोरभाऊंच्या घरामागे वानखेडेकाका राहतात. दोघांच्या मधल्या कंपाउंडच्या भिंतीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद. भिंत कोणाच्या जागेत किती आली यावर दोघांचीही मतं ठाम आहेत आणि ती दोघेही आपापल्या घरात मोठ्यानं मांडतात.

आबाजींनी सांगितलं, "आपण ज्याचं मन दुखावलं, त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. त्यात कमीपणा नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर वेदू सरळ वानखेडेकाकांच्या दारात. "काका, सॉरी."

"काऊन रे? काय केलं तू?"

"मी नाई केलं. पप्पा तुम्हाले रोज हलकट म्हणतात. त्यायले दुकानातून टाइम नाई भेटत, म्हणून मी आलो."

काका आत जाऊन तिळाची चिक्की घेऊन आले, त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे. सांगजो बापाले, पोचलं म्हणा."

एवढ्यावर संपलं असतं. पण वानखेडेकाकांची नात राही, तीसुद्धा रविवारी आमच्याकडे येते. ती संध्याकाळी दुकानात गेली. गिऱ्हाइकं उभी होती. काउंटरपेक्षा थोडीशीच उंच असलेली ती पोर म्हणाली, "किशोरकाका, आमच्या आजोबाकडून सॉरी."

किशोरभाऊ विरघळले. "अरे वा. काऊन बेटा?"

"ते तुम्हाले एक शब्द म्हणतात, त्याच्यासाठी."

"कोणता शब्द?"

"तो मले सांगता येत नाई. आई म्हणते खराब आहे."

किशोरभाऊंनी बरणीतलं सर्वांत मोठं चॉकलेट काढून तिच्यापुढे धरलं. "मले कानात सांग. कोणाले नाई सांगत मी."

राहीनं मान हलवली. चॉकलेट घेतलं नाही. आबाजींनी शिकवलं होतं, मोहाला बळी पडायचं नाही.

त्या दिवसापासून किशोरभाऊ गिऱ्हाइकाला तूरडाळीऐवजी हरभराडाळ देतात असं सोनालीताई म्हणतात. भिंत अजून तिथंच आहे. शब्द अजून कळलेला नाही.

* * *

तान्ह्या पोळ्याचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, हे तुम्हाला माहीतच आहे. आबाजींनी आधी बैलाचे उपकार समजावून सांगितले. किशोरभाऊंचं थोडं शेतही आहे, पण वेदू झेंडूची माळ घातलेला खेळण्यातला ट्रॅक्टर घेऊन हजर झाला. "आमचं वावर तर हाच वाहते. तिथं बैल मी पाह्यलाच नाई. मग खोटं थँक्यू काऊन म्हणू?"

सत्याचा पाठ गेल्याच रविवारी झाला होता. आबाजींनी ट्रॅक्टरला कुंकू लावलं आणि उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "याला नैवेद्य काय दाखवायचा?"

"डिझेल," वेदू म्हणाला.

* * *

प्रार्थनेचं खातं माझ्या सासूबाईंकडे आहे. त्यांचा नियम असा की शेवटी प्रत्येक मुलानं देवाकडे एक गोष्ट मागायची. मोठ्यानं, म्हणजे देवाला आणि आईबापांना दोघांनाही कळते.

हिवाळ्यातला रविवार होता. सोमवारी मुलांची चाचणी. किशोरभाऊंच्या अंगणात वावरातून आलेला कापूस पडला होता, सरकी काढायला जिनिंग मिलमध्ये न्यायची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती.

वेदूनं हात जोडले. "देवा, उद्या लय जोरात पाऊस पाड."

किशोरभाऊ मागेच उभे होते. "अबे, कापूस भिजन ना आपला!"

मिनूनं लगेच मध्यस्थी केली. "देवा, पाऊस फक्त शाळेवर पाड."

सासूबाई म्हणाल्या, "असा पत्ता देत नसतात बाप्पा देवाले. सर्वाचं भलं कर, एवढंच म्हणाचं."

वेदू रडवेला झाला. "सर्वाचं म्हटलं का मग मोठ्यायचंच होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आभाळ आलं आणि पाऊस सुरू झाला. किशोरभाऊ नुसत्या बनियनवरच ताडपत्री ओढत होते, सोनालीताई दुसरं टोक धरून होत्या, आम्हीही धावलो. ढीग झाकला, कडेचा थोडा भिजलाच. शाळेनं मात्र सुट्टी दिली नाही. चाचणी झाली.

संध्याकाळी वेदू सासूबाईंकडे तक्रार घेऊन आला, "आजी, देवानं अर्धंच ऐकलं."

तेव्हापासून किशोरभाऊ कितीही गिऱ्हाईक असलं तरी प्रार्थनेला येतात. वेदूच्या शेजारी बसतात. डोळे मिटत नाहीत. पोराच्या ओठांकडे बघत राहतात.

* * *

आता शेवटचा. हा मी ऑफिसात सांगितलेला नाही.

त्या रविवारी विषय होता अतिथी. आबाजींनी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, "जो आपल्या घरी कधी जेवायला आला नाही, अशा एका माणसाला आपापल्या घरी बोलवा. आधी पाणी द्यायचं, तेही घरातल्या मोठ्या माणसानं. मग बाकीच्या गोष्टी."

वेदूनं गॅस सिलिंडर आणून देणाऱ्या भाऊंना बोलावलं. ते इतकी वर्षं स्वयंपाकघरापर्यंत येत होते, पण बसले कधी नव्हते. राहीनं शाळेतल्या नव्या मॅडमना बोलावलं. मिनू म्हणाली, "माहं सरप्राइज आहे." मी फार चौकशी केली नाही. वरण जास्तीचं लावलं.

रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. मी उघडलं आणि तिथंच उभी राहिले.

दारात नीता होती. माझी नणंद, आबाजींची धाकटी मुलगी. तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा आबाजी तिला म्हणाले होते, "आता या दारात येऊ नको." तेव्हा मिनूचा जन्मही व्हायचा होता. नीता वर्ध्याला राहते, बसनं तासाभराचं अंतर, पण आली नाही. मी तिला फोन करते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मिनूसाठी ती फोनवरची आत्या.

तिच्यामागे तिचा नवरा संत्र्यांची पिशवी घेऊन उभा होता.

"वहिनी," नीता हळूच म्हणाली, "मिनूचा फोन आला. म्हणाली, आबांनी बोलावलं."

आबाजी पुढच्या खोलीतच खुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. सासूबाई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"मी बोलावलं?" आबाजींनी विचारलं.

"हो ना आबा," मिनू म्हणाली, "तुम्हीच तर सांगतलं, जो कधी आला नाई त्याले बोलवा. आत्या कधीच आली नाई." आणि तिनं पाण्याचा गडू आणून त्यांच्या हातात दिला. "घ्या. मोठ्यानं द्याचं असते."

आबाजी गडू धरून बसून राहिले. नीताच्या नवऱ्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. जायचं की थांबायचं, ते त्याला कळत नव्हतं.

मग आबाजी उठले. दारापर्यंत गेले आणि गडू पुढे केला. "घे."

नीता उभ्यानंच प्याली.

"बस लवकर भेटली का?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

त्यांनी माझ्याकडे वळून दुसरा गडू मागितला. तो जावयाच्या हातात दिला. "बसा," म्हणाले.

पानं वाढली. सासूबाई नीताच्या पानात वाढत होत्या, ती नको म्हणत होती आणि त्या वाढतच होत्या. वरणात मीठ कमी पडलं होतं. हे लक्षात आल्यावर नीता उठली, कोणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी हात उंच करून मागच्या फळीवरची मिठाची बरणी काढली आणि घेऊन आली.

मिनू बघत होती. "आत्याले कसं माहीत, मीठ कुठं आहे ते?"

उत्तर आबाजींनी दिलं. भात कालवत होते, मान वर केली नाही.

"ती याच घरातली आहे बेटा. पाहुणी नाई."

मिनूचा हात ताटातच थांबला. तिनं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. तिचा चेहरा पडला, डोळे भरून आले आणि ती रडायलाच लागली.

"म्हणजे माहं चुकलं. सर्वायनं पाहुणे आणले, अन् मी घरचंच माणूस आणलं."