घोराचा रकाना

लातूरच्या दवाखान्यातल्या लॅबवाल्या बाईंना सगळे साखरबाई म्हणायचे. जिभेवर मात्र साखर औषधालाही नव्हती. सुई हातात घेतली की पहिला प्रश्न, "काय खाल्लं?" आणि दुसरा, "कशाचा घोर हाय?" उत्तर मिळाल्याशिवाय त्या रक्त घेत नसत.

सरकारी नोंदवहीत नाव, वय, साखर एवढेच रकाने. बाईंनी पट्टीनं चौथा आखला होता, घोर. "घोर लागला की अंगात एक रस सुटतो. त्यो रगतात साखर वततो," त्या सांगत. म्हणून साखर चढलेली दिसली की त्या दुसऱ्या दिवशी निवांत बसवून पुन्हा तपासत. "दोन्ही बारीला चढली तर आजार. एकदाच चढली तर घोर." आणि खरा आजारी माणूस गोड चहा पिताना सापडला, तर चारचौघांत त्याची बिनपाण्यानं करत.

जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ जुनाच होता. कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून माझी निवड झाली. मुरुडच्या आमच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी. आई-बाबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. माझा फक्त तब्येतीचा दाखला राहिला होता. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पोटात अन्न नाही, पहाटेची एसटी. साखर चढलेली निघाली.

"अपात्र लिहा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "उमेदवारांची यादी आजच कचेरीत जायची आहे."

"न्हाई लिहिणार. ही साखर पोरीची न्हाई साहेब, तिच्या घोराची हाय. उद्या पुन्हा बघते."

"बाई, इथं हुकूम कोणाचा चालतो?"

"रगताचा."

बाईंनी नोंदवही कपाटात टाकली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि मला हाताला धरून घरी नेलं. भाकरी-पिठलं वाढून म्हणाल्या, "खा अन् झोप. तुझा घोर आजच्यापुरता माझ्याकडं ठिव."

सकाळी साखर साधी निघाली. साहेबांनी मान वर न करता सही केली.

महिन्याभरात बाईंची बदली झाली, थेट जिल्ह्याच्या टोकाला, देवणीला. मी कचेरीतून धावत दवाखान्यात गेले. माझ्यापायी झालं म्हणून ढसाढसा रडले.

"गप की! साहेबाला वाटत असंल, बाई भ्याली. बघूच आता."

त्यांनी सगळ्यांदेखत स्वतःच्या बोटाला सुई टोचली, रक्त तपासलं आणि नोंदवही साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. पुढं नोकरीत कुणी साहेब अंगावर आला की मला त्या वहीतली शेवटची ओळ आठवायची. बाईंचं नाव, वय, साखर साधी. आणि घोराच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "न्हाई."