माईची आडवी सीट

जव्हारला स्टँडसमोर माझं दुकान आहे. रेल्वेचं तिकीट, विमानाचं तिकीट, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं. इथे तिकिटं कमी निघतात आणि किस्से जास्त, आणि त्याला जबाबदार नेटवर्क! स्क्रीनवर ते चक्र गोल गोल फिरायला लागलं की गिऱ्हाईक बाकावर बसतं, आणि बसलं की बोलतं. ते बोललेलं पुढे सांगताना मी थोडा मसाला घालतो, नाही म्हणत नाही. माईच्या बाबतीत मात्र फारसा घातलेला नाही. गरजच पडली नाही.

माई म्हणजे महाले गुरुजींची बायको. गुरुजी खोडाळ्याचे, पण नोकरी सगळी सूर्यमाळच्या शाळेत. ते वर्गात पाढे घ्यायचे आणि माई उन्हाळाभर खालच्या विहिरीवरून हंडे वर आणायची. पोरं पाढे विसरली, माईची पाठ हंडे विसरली नाही. मणके असे झिजले की अर्धा तास बसली तरी कळवळायची. आडवी असली की ठीक.

आणि मुलगा कुठे, तर कॅनडात! नितीनला तिकडे मुलगी झाली. त्याचे राहण्याचे कागद अडकलेले, देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. म्हणजे नात बघायची तर माईनेच जायचं. तेवढा प्रवास बसून करणं अशक्य. आडवी होणारी सीट फक्त बिझनेस क्लासला, आणि तिचा भाव ऐकून गुरुजींनी चष्मा काढून पुसला होता. उरला एकच रस्ता. नितीन कंपनीच्या कामाला तिथल्या तिथे विमानाने फिरायचा, कधी कधी बिझनेस क्लासने, आणि प्रत्येक प्रवासाला विमान कंपनी बक्षीस म्हणून देते ते माइल त्याच्या नावावर साठत होते. पुरेसे साठले की त्या माइलांवर माईची सीट.

तेव्हापासून गुरुजी दर आठवड्याला माझ्या बाकावर. "आज किती झाले?"

* * *

बाकावरचे दुसरे मानकरी रमणशेठ, सिमेंट-पत्र्याचे व्यापारी. सिमेंट कंपनीने एकदा सगळ्या डीलर लोकांना बँकॉकला नेलं, तेही बिझनेस क्लासने! परत आले ते बोर्डिंग पास हातात नाचवत.

"घाल माझे माइल. आणि हे बघ, जव्हारपासून धर. विमानतळापर्यंत गाडी माझीच होती."

मी नंबर टाकला. चक्र फिरलं. आलं शून्य.

मी समजावलं, "शेठ, खुर्ची एक, पण तिकिटावर दराप्रमाणे छापलेली अक्षरं वेगळी. महाग अक्षराला भरभरून माइल, स्वस्त अक्षराला निम्मे, आणि कंपनीने घाऊक घेतलेल्या तुमच्या अक्षराला काहीच नाही."

शेठनी बोर्डिंग पास उलटून पाहिला. "म्हणजे मी उडालोच नाही?"

शेजारी बबन बसला होता. एसटीचा निवृत्त कंडक्टर. तो म्हणाला, "उडालात हो शेठ. फुकट पासवर!"

* * *

एकदा गुरुजी पेढेच घेऊन आले. नितीनच्या विमानात मागच्या जागा भरल्या, म्हणून त्याला फुकटात उचलून पुढे बिझनेस क्लासमध्ये बसवलं!

"आता दुप्पट पडतील ना?"

पेढा माझ्या तोंडात होता. गिळल्याशिवाय खरं सांगता येईना. "गुरुजी, तिकीट ज्या क्लासचं घेतलं, माइल त्या क्लासचे. बसला पुढे, मोजला मागे."

गुरुजी हसले. "कळलं. आमच्याकडे चौथीच्या पोराला जागा नाही म्हणून सातवीत बसवायचो. हजेरी चौथीच्याच पटावर!"

हसले खरे, पण पेढ्यांचा पुडा त्यांनी परत बांधला. माईला सांगायचं राहिलं होतं, म्हणाले.

* * *

माईला नाशिकला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे एसटीची मागची लांब सीट लागायची, आडवी व्हायला. ते खातं बबनकडे. गाडी फलाटाला लागायच्या आत तो खिडकीतून आपला लाल रुमाल बरोब्बर मागच्या सीटवर टाकायचा. कुणी विचारलं, ही जागा रिकामी आहे का, की आतल्या माणसाने एकच सांगायचं, "माणूस खाली आहे!" सगळ्या जव्हारला हे माहीत.

एकदा रुमाल पडला आणि माईची पाठ इतकी धरली की ती खोडाळ्याहून निघूच शकली नाही. गाडी सुटली. माणसं दाटीवाटीने उभी, पण मागच्या सीटवर कुणी बसेना. रुमाल एकटा आडवा नाशिकला गेला आणि तसाच परत आला!

बबन म्हणाला, "कंडक्टर नवीन होता नशीब. नाहीतर रुमालाचं अर्धं तिकीट फाडलं असतं."

* * *

रमणशेठ कुणाला पाणी विचारताना दोनदा विचार करणारा माणूस. पण पुढच्या खेपेला मुलीच्या सासरी जाताना त्यांनी पदरमोड करून पुढच्या क्लासचं चांगल्या अक्षराचं तिकीट काढलं आणि मला म्हणाले, "माझ्या नंबराऐवजी नितीनचा टाक. माईला तेवढेच पुढे सरकतील. आणि गुरुजींजवळ बोलू नकोस."

मी म्हटलं, चालायचं नाही. ते म्हणाले, टाक रे. टाकला.

विमान कंपनीचं उत्तर आलं: नाव जुळत नाही. ज्याचं बूड सीटवर, त्याच्याच नावावर माइल. शेठच्या नंबरावर घ्यायला गेलो, तर म्हणे मुदत गेली. दोन्हीकडून गेले!

"जाऊ दे," शेठ म्हणाले. "यांच्याकडे दुसऱ्याचं ओझं उचलायची पद्धत दिसत नाही."

* * *

शेवटी नितीनच्या कंपनीत कुठलंसं मशीन बंद पडलं. आयत्या वेळी त्याला कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाला धाडलं, तेही पूर्ण दराच्या बिझनेस तिकिटाने. सगळ्यात महाग अक्षर! माइल धबाधबा पडले. दोघांच्या जाता-येताच्या सीटा निघाल्या, शेजारी शेजारी.

त्या दिवशी माईला दुकानात आणली. बाकावर आडवी करून आम्ही रंगीत तालीम घेतली. ही उशी, हा पट्टा, हे बटण.

"झोपून पन पट्टा लावायचा? म्या काय पळून जातंय?"

मग मी ऐटीत तिला माइल म्हणजे काय ते सांगितलं. जेवढं अंतर, जेवढा वरचा क्लास, तेवढे माइल. तिने शांतपणे ऐकलं.

"मंग पोरा, सूर्यमाळची हीर पन धर की त्यात. रोज किती खेपा व्हायच्या!"

मी फाजीलपणा केला, "कुठल्या क्लासने जायचीस माई?"

"वरच्या. डोक्यावरून न्यायची."

बबन हसता हसता उठला. निघताना त्याने आपला लाल रुमाल गुरुजींच्या खिशात कोंबला. "असू द्या. परदेशातली गर्दी कशी असते, सांगता येत नाही."

* * *

माई गेली, नात बघितली. विमानातला फोटो गुरुजींनी पाठवला. माई आडवी, पांघरूण हनुवटीपर्यंत, डोळे टक्क उघडे. म्हणाली म्हणे, एवढी ऐसपैस जागा आहे, झोपेत कशाला घालवायची?

परत यायच्या आठवड्यात, नातीला कुशीत घेऊन पडली होती, तशीच गेली. हार्ट.

तिला जाळायची ती सूर्यमाळला, हे गुरुजींनी ठरवून टाकलेलं. नितीनला येता येईना. तो फोनवर नुसता रडत होता. तिला इकडे आणायचे कागदी सोपस्कार झाल्यावर मी गुरुजींना फोन केला. माझं दुकानदाराचं डोकं! म्हटलं, "गुरुजी, माईची परतीची सीट रद्द करतो. माइल नितीनच्या नावावर परत पडतील."

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "तिची आहे."

माई त्याच विमानाने आली. गुरुजी वर आपल्या सीटवर, माई खाली सामानाच्या पोटात, पेटीत. विमानतळावर मी, बबन आणि शेठ, आम्ही तिघं ॲम्ब्युलन्स घेऊन उभे होतो. रमणशेठ पेटीला खांदा द्यायला सगळ्यात पुढे.

गाडी घाटाला लागली. गुरुजींनी खिशातून लाल रुमाल काढला, घडी सरळ केली आणि बबनच्या हातात दिला.

"उपयोगी पडला रे."

बबनने रुमाल मांडीवर ठेवला.

"विमान भरलं होतं. मागे एक बाई, तिचंही कंबरेचं काहीतरी. ती हवाई सुंदरी आली, पोरगी चांगली होती, हात जोडून विचारत होती. म्हणाली, काका, तुमच्या शेजारची ही सीट रिकामी आहे का?"

"मग?"

"मी रुमाल टाकला होता ना. म्हटलं, नाही बाळ. माणूस खाली आहे."