चाळीस अक्षरांची सोयरीक

आमच्या घराण्यात कॉम्प्युटर फक्त मला कळतो. (कॉम्प्युटरचं मत कुणी विचारलेलं नाही.)

गेल्या वर्षी ताईनं तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, वर्षाचा, बायोडाटा एका नातेवाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि तो कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसारखा गावोगाव पसरला. वर्षा बसनं तामसीहून आदिलाबादला निघाली, तर कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "काऊन पोरी, गणितात येवढेच मार्क?" वर्षा तशीच घरी परतली. "आता माझा कागद कुटं फुटला, तर मी लग्नच नाई करत!"

अशात मुधोळचं स्थळ आलं. मुलगा प्रशांत हैदराबादला नोकरीत, वडील विठ्ठलराव भाजीचे व्यापारी.

"भाऊ, पोरगा लाख मानूस हाय," ताई म्हणाली. "पन कागद धाडू कसा?"

"मी कायले हाये?" मी छाती फुगवली. मेलला कुलूप लावता येतं, तो आपणच धाडला याची सहीही करता येते, हे मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर शिकलो होतो. (बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की माणूस काहीही शिकतो.)

आधी नुसता सही केलेला रामराम विठ्ठलरावांना धाडला. तासाभरात फोन!

"पाव्हणे, हे काय धाडून राह्यले तुमी? दोन ओळी रामराम अन् खाली पानभर मुंग्या!"

"ती माझी सही हाये."

"येवढं मोठं दस्तखत? आमच्या तहसीलदाराचं बी नाई!"

त्यांच्या फोनातल्या मेलला माझी सही ओळखताच येत नव्हती. मी म्हणालो, "छापून जपून ठेवा." (का म्हणालो, देव जाणे.) विठ्ठलरावांना वाटलं, मुलीची पत्रिकाच आली! ते छापील कागद घेऊन थेट गुरुजींकडे गेले. गुरुजींनी चष्मा पुसून अर्धा तास त्या मुंग्या न्याहाळल्या आणि निकाल दिला, "मंगळ कुठंच दिसत नाही."

ताईनं देवापुढे साखर ठेवली!

मग खुद्द प्रशांत मधे पडला. "सर, मलाच पाठवा." त्यानं त्याच्या कुलपाचा तपशील धाडला, मी ते कुलूप लावून मेल रवाना केला. त्याच्या ऑफिसच्या मेलमध्ये काय दिसावं? कोरं पान आणि खाली अनोळखी नावाच्या दोन फायली. फोनवर उघडला, तर मुंग्या. शेवटी बिचाऱ्यानं माझ्यासारखाच प्रोग्रॅम घातला, तर तो लाल अक्षरांत विचारायला लागला, 'हा माणूस खरंच तोच आहे का?'

(हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनीही विचारला होता.)

त्यावर उपाय एकच. माझ्या सहीची ओळख म्हणून चाळीस अक्षर-आकडे असतात. ते मी फोनवर वाचायचे आणि त्यानं त्याच्या पडद्यावर ताडून पाहायचे. नेमकी तेव्हाच दुकानात गर्दी झाली. वर्षा डबा घेऊन आली होती. मी फोन तिच्या हातात दिला आणि पडद्यावरची अक्षरं दाखवली. "येवढं वाचून दे वो माय."

"एफ सात... बी तीन," वर्षानं सुरुवात केली. "बी! बोंडातलं बी! ...नाई, डी नाई. ...तुमाले कमी आयकू येते का?"

चार गिऱ्हाइकं झाली. ती बाराव्या अक्षरावर. आणखी सहा झाली. ती अजून बाराव्यावरच, पण आता हसत होती! चाळीस अक्षरांना एक तास दहा मिनिटं लागली. मी विचारलं, "जुळलं का?"

"जुळलं," वर्षा म्हणाली आणि रिकामा डबा समजून भरलेलाच घेऊन घरी गेली.

संध्याकाळी विठ्ठलरावांचा फोन आला. "पाव्हणे, कागदाचं राहू द्या. पोरगा म्हन्ते, हीच करतो. आयतवारी या बैठकीले!"

ताई रडली, हसली, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. मी गावभर सांगत सुटलो की, माझ्या कुलपामुळे सोयरीक झाली. तेवढ्यात प्रशांतचं उत्तर आलं. सही केलेलं, कुलूपबंद, पहिल्या फटक्यात उघडलेलं:

"मामा, मेल उघडला. कुलूप शाबूत, सही अस्सल. आणि हा तुम्हीच पाठवलाय याबद्दल आता तिळमात्र शंका नाही, कारण बायोडाटा जोडायचाच राहिलाय."