कोरड्या अंगणातलं बोटीचं इंजिन

या सहलीची सुरुवात मासळीबाजारात झाली. नगरात आमच्या हिच्या, म्हणजे वंदनाच्या, ठरलेल्या मासेवाल्या आहेत सुमनताई. मुळा धरणावरून आठवड्यातून दोनदा एसटीने येतात. त्या दिवशी त्यांनी रोहू साफ करता करता मलाच गाठलं.

"सर, तुमी इंजिनाचं शिकवता ना? आमच्या बोटीचं इंजिन बघाया येता का?"

मी एकतीस वर्षं पोरांना डिझेल इंजिन शिकवतोय. ट्रॅक्टर, पंप, जनरेटर, काय म्हणाल ते. बोटीचं इंजिन मात्र आयुष्यात उघडलेलं नव्हतं. तरी "येतो की" म्हणून मोकळा झालो. 'मला येत नाही' हे तीन शब्द उच्चारायला आम्हा नगरकरांची जीभ जड होते.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान पोपटराव लहानपणापासून वल्ही मारतात. आता उजवा खांदा वर होत नाही, आणि जाळी तर पार पलीकडच्या काठाला लावलेली. म्हणून दसऱ्याला कोकणातून एक जुनं इंजिन आणलं. दुसऱ्याच दिवशी ते भर पाण्यात तापून बंद पडलं. तेव्हापासून अंगणात पडून होतं, आणि पोपटरावांनी सुप्याच्या एका कारखान्यात वॉचमनच्या नोकरीला होकार दिला होता. एक तारखेपासून हजर व्हायचं होतं.

"ते गेटवर बसले तर बोट इकावी लागंल. मी येकटी न्हाई वढू शकत," सुमनताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी आणि वंदना स्कूटरवरून निघालो. पेट्रोल दोनशेचं, जाऊन-येऊन पुरतं. विळद घाटात चहा-वडापाव घ्या, नंतर रस्ता खाऊ देत नाही. नगर-मनमाड रस्त्यावर खड्डे चुकवायच्या भानगडीत पडू नका, एक चुकवला की दुसरा वाट बघत असतो. हंगाम सुरू झालेला, त्यामुळे उसाच्या जोड ट्रॉल्यांमागे रांगावं लागलं. राहुरीला धरणाच्या रस्त्याला वळलो, बारागाव नांदूर मागे पडलं आणि एकदम समोर पाणी आलं. टँकरच्या रांगेत लहानपण घालवलेल्या माणसाला एवढं पाणी एकत्र दिसलं की पुढे जाववत नाही. मी स्कूटर बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता बघत राहिलो.

सुमनताईंचं घर काठापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात लाकडी घोडीवर इंजिन टांगलेलं, त्याला अजून दसऱ्याचा वाळका झेंडूचा हार. पोपटराव बाजेवर जाळं शिवत बसले होते. माणूस अबोल. "बगा," एवढंच म्हणाले.

मी बाह्या सरसावल्या. प्लग काढला, साफ केला. कार्बोरेटर धुतला. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता ते विचारलं, तर प्रमाण अगदी बरोबर होतं. शेजारपाजारचे जमले. दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू. मी वंदनाकडे विजयी नजरेने पाहिलं. दोनेक मिनिटांत रबर जळाल्याचा वास आला.

सुमनताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "बंद करा सर. येक इचारू का? बोअरची मोटर कोरडी चालवली तर जळती ना?"

"जळणारच."

"मंग हिला पानी कुटून मिळतंय?"

मी इंजिन बंद केलं. खरं सांगतो, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हे इंजिन थंड होतं ते धरणाच्या पाण्यावर. खाली पाण्यात बुडालेल्या भागात एक रबरी पंखा असतो, तो पाणी ओढून वर पाठवतो. पाणी नसेल तर आधी तोच पंखा जळतो.

"दसऱ्याला पाण्यात उतरवायच्या आधी चालवलं होतं का?" मी विचारलं.

"व्हय तर. पूजा केली, नारळ फोडला, सुरू करून ठिवलं. आख्खी वस्ती बगायला आल्ती. धा-पंदरा मिन्टं चाललं आसंल," सुमनताई म्हणाल्या.

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर असो की फटफटी, अंगणात ओवाळून सुरू करून दाखवल्याशिवाय ती आपली होत नाही. खालचा भाग उघडला. पंख्याच्या पात्या झडून काळा चुरा झाला होता.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," वंदना म्हणाली. ती माझ्याकडे बघून म्हणाली की इंजिनाकडे, ते मी विचारलं नाही.

इंजिन विकणाऱ्याला फोन लावला. तो खूप वेळ हसला आणि पंखा कुरियरने पाठवतो म्हणाला. जेवायला चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी होती. मी पैसे द्यायला गेलो तर सुमनताईंनी असं पाहिलं की पाकीट परत खिशात गेलं. निघताना पोपटराव पहिल्यांदा लांबलचक बोलले. "एक तारीख बुधवारी हाय सर. त्याच्या आदी जमलं तर बगा."

पंखा शुक्रवारी नगरात पोचला. रविवारी उजाडताच आम्ही पुन्हा काठावर. या वेळी आधी प्लास्टिकचा ड्रम पाण्याने भरला, इंजिन त्यात बुडवलं आणि मगच दोरी ओढली. बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार सुरू झाली. बोटीवाले ही धार बघूनच पुढे जातात; ती थांबली की इंजिनही थांबवायचं. पोपटरावांनी धारेखाली हात धरला. "कोमट हाय," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ हात काढला नाही.

पुष्कळ वाचक विचारतात, अशा बोटीत बसता येतं का? ही सहलीची बोट नाही. घरच्यांनी बोलावलं तरच बसा, लाइफ जॅकेट घालून, आणि जाळ्यावर पाय देऊ नका. आम्हाला बोलावलं. पोपटरावांनी डाव्या हातात इंजिनाचा दांडा धरला. वल्ह्यांनी पाऊण तास लागणारं अंतर दहा मिनिटांत संपलं. जाळ्यात दोन कटला, एक मरळ, बाकी चिलापी. सुमनताई जाळं ओढत होत्या आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून धार बघत होत्या. मला पोहता येत नाही, तरी त्या सकाळी भीती वाटली नाही. फार दिवसांनी मी कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडलो होतो, तेही निम्मी चूक स्वतः करून.

घरी आल्यावर चार दिवस माझ्या हातांना पेट्रोल आणि मासळीचा मिळून वास येत होता. वर्गात मुलांसमोर मी सगळं कबूल केलं, कोरडं चालवल्याचंसुद्धा. पोरं हसली, पण इंजिन कसं थंड राहतं हा धडा यंदा कुणालाही दोनदा सांगावा लागला नाही. एवढं मात्र मनात होतंच की बुधवारी सकाळी पोपटरावांनी काय केलं असेल. नोकरी म्हणजे महिन्याचा बांधलेला पगार, आणि इंजिन शेवटी जुनंच.

गुरुवारी बाजारात सुमनताई नेहमीच्या जागी होत्या. पाटी भरलेली होती. वंदनाने मासे निवडायच्या आधीच विचारलं, "पोपटराव कसे आहेत? घरीच का?"

"घरी कुठले वो," सुमनताई सुरी पुसत म्हणाल्या, "पान्यावर हायेत."